धरतंय का बघू

कन्हेरीला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्र्यांनी एकच गलका केला. सगळा मांडव नवरानवरीकडे बघत होता आणि माझ्या शेजारी बसलेले श्रीपततात्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

"तात्या, जायची घाई आहे का?" मी विचारलं.

"घाई कशाची? जोड तर बसला. आता धरतंय का बघू."

नवरीचे मामा पुढच्याच खुर्चीवर होते. त्यांनी मान वळवून असं काही बघितलं, की जेवायला मी तात्यांपासून चार पानं लांब बसलो.

पण तात्यांचा तरी काय दोष? उभा जन्म पाइपांत गेलेला माणूस. राहायला शेळगावात, काम आसपासच्या कारखान्यांत. त्यांच्या पिकअपमध्ये दोन यंत्रं असतात. एक पाण्याचा जबर फवारा मारून पाइपच्या आतली कीट काढतं. दुसरा टेस्टिंगचा पंप. नवी लाइन टाकली, की तिच्यात पाणी भरायचं, हवा काढायची, पंपानं दाब चढवायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि अर्धा तास गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर लाइन पास. खाली आला तर कुठंतरी गळतंय.

ब्रह्मदेवानं हे जगसुद्धा असंच अर्धा तास दाबाखाली ठेवून मग आपल्या ताब्यात दिलं असावं, अशी तात्यांची समजूत आहे. माझा मुलगा बारावी पास झाला. मी पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकत तात्या म्हणाले, "पास झाला, ब्येस झालं. धरतंय का बघू." गावात डांबरी रस्ता झाला, धरतंय का बघू. शेजाऱ्यानं तंबाखू सोडली, धरतंय का बघू. त्याचं मात्र धरलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

एकदा त्यांनी फवाऱ्याच्या यंत्रानं घरचा पाणी तापवायचा बंब धुतला. तांब्याचा, काकूंच्या माहेरचा. बंब इतका लख्ख झाला, की त्याला पाच भोकं दिसायला लागली.

"भोकं व्हतीच," तात्या म्हणाले. "कीटानं झाकली व्हती."

"झाकलेलीच बरी व्हती की!" काकू म्हणाल्या. पुढं महिनाभर त्या चुलीवर पातेल्यात पाणी तापवत होत्या आणि रोज सकाळी तात्यांच्या माहितीसाठी ते मोठ्यानं सांगत होत्या.

काकू म्हणजे तात्यांच्या बायको आणि धंद्यातल्या भागीदार. दाब चढवायच्या आधी त्या प्रत्येक जोड फडक्यानं पुसून त्यावर खडू फासतात. दाब चढला, की हात न लावता, चार पावलं लांबून एकेक जोड बघत लाइनभर फिरतात. खडू ओला दिसला तर तिथं गळतंय. तात्या काट्यापुढून उठत नाहीत, काकू काट्याकडे फिरकत नाहीत. तात्यांनी तिथूनच काही सुचवलं तर उत्तर ठरलेलं, "तुमी काट्याचं बघा. जोडाचं माझ्याकडं हाय."

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे वाफेची नवी लाइन झाली आणि टेस्टिंगला ही जोडी आली. दाब चढला. काकू लाइनभर फिरून आल्या आणि म्हणाल्या, "सगळं कोरडं हाय." काटा मात्र हळूहळू खाली यायला लागला. आमचे नवे साहेब स्वतः फिरले. सातव्या जोडाखाली चक्क थेंब थेंब पाणी पडत होतं.

"बाईंना दिसत नाही का?" साहेब म्हणाले. "पुन्हा यांना साइटवर आणू नका."

काकूंनी हातातलं फडकं पिळल्यासारखं घट्ट धरलं. ते कोरडं होतं. तेवढ्यात तात्या उठले.

"तिला दिसतंय, साहेब. ती फुडं गेल्याव मीच त्यो बोल्ट ढिला केला."

आम्ही सगळे गार. दाबाखालच्या बोल्टाला पाना लावणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. नुसता पाना हातात घेतला म्हणून तात्यांनी आमच्या फिटरला एकदा गेटपर्यंत हाकललं होतं. आणि तात्या तर काट्यापुढून हललेच नव्हते, हे मी बघितलं होतं. साहेबांनी त्यांना शिकाऊ पोरासारखं झाडलं. तात्या मान खाली घालून ऐकत राहिले.

दाब उतरवून जोड आवळला. दुसऱ्यांदा लाइनवर मी फिरलो. काकू पिकअपमध्ये बसून होत्या. त्या अर्ध्या तासात तात्यांची नजर काट्यावरून तीनदा पिकअपकडे गेली.

लाइन पास झाली. तात्यांनी मला पंपाआड ओढलं. "बारामतीला दोन डॉक्टर झालं. तिच्या डोळ्याचा पडदा खराब झालाय म्हंत्यात, सुधरायचा न्हाय. घरी ठिवली तर भिंतीकडं बघत बसंल हो. साहेबाला बोलू नका."

ते पाइप गुंडाळायला गेले आणि काकूंनी हाक मारली. "भाऊ, ह्यांनी बोल्टाला हात लावला न्हाय. मलाच दिसलं न्हाय. साहेबाला सांगा, न्हायतर ह्यांना कोन काम देनार? फकस्त ह्यांच्याम्होरं सांगू नका."

माझंही लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली आहेत. आमच्याकडे अजून भाजीत मीठ कुणी विसरलं याचा निकाल लागत नाही.

तात्यांचं ऐकू की काकूंचं? शेवटी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी टेस्टच्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "दोघंही येऊ देत. पण बाईंच्या मागून तुम्ही फिरायचं. चुकलं तर तुम्हाला धरीन."

तेव्हापासून टेस्टिंगच्या दिवशी पुढं काकू आणि मागं मी. बोलायचं काही नाही. कुठं खडू ओला दिसला, की मी नुसता उभा राहतो. माझ्या बुटांचा आवाज थांबला, की काकूही थांबतात, जोडाकडे तोंड करतात आणि ठणकावून सांगतात, "अवं, हितं वल हाय!"

आणि तिकडून तात्या अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडतात, "बघा! ह्याला म्हंत्यात नजर!"