खंडेनवमी आणि कन्व्हर्जन किट

रविकांत सबनीस आयुष्यात एकदाच विचार न करता वागला, तो म्हणजे जन्माला आला तेव्हा. (त्यातही पंधरा दिवस उशीर झाला होता, असं त्याची आई सांगते. म्हणजे तेव्हाही आतल्या आत काहीतरी विचार चालूच असणार.) त्यानंतर गेली शेहेचाळीस वर्षं हा माणूस घराचं कुलूप तीनदा ओढून बघतो, गॅस दोनदा बघतो आणि मग आपण खरंच बघितला का, हे आठवत ट्रामच्या स्टॉपवरून परत येतो. राहायला झूटरमेरला, नोकरी रॉटरडॅमला, तीही जहाजांच्या विम्याच्या कंपनीत, रिस्क डिपार्टमेंटला. बोट बुडाली तर काय, याची काळजी करायचा त्याला पगार मिळतो. बाकीच्या काळज्या तो फुकट करतो.

आता असल्या माणसाच्या घरी पिस्तूल कसं, असं तुम्ही विचाराल. तर तो दोष डॉक्टरांचा. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, एखादा छंद घ्या,’ असं त्यांनी पाचव्यांदा सांगितल्यावर बायकोने, सानिकाने, फर्मानच काढलं. नेमबाजीने मन स्थिर होतं असं रविकांतने कुठेतरी वाचलं होतं. तो क्लबात गेला, वर्षभर उमेदवारी केली, पोलिसांकडे अर्ज केला आणि चक्क परवाना मिळाला. तिथेच त्याला खेरिट भेटला. वय वर्षं एक्याऐंशी, हात कापायला लागलेले. खेरिटकडे महायुद्धाच्या काळातलं एक पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल होतं. संग्राहक जीव टाकतील अशी वस्तू. सगळी कागदपत्रं करून त्याने ते रविकांतच्या नावावर केलं.

“माझ्या पोराला दिलं तर उद्या विकेल,” खेरिट म्हणाला. “तू सांभाळशील. तू घाबरट आहेस.”

रविकांतला ही आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी वाटली. त्याने घरी येऊन तिजोरी तीनदा ओढून बघितली.

पण झालं काय, की ते पिस्तूल चालवायचं त्याच्या जिवावर यायचं. एक तर दणका जबरदस्त. दुसरं म्हणजे प्रत्येक गोळीगणिक त्या जुन्या नळीची झीज होते, हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं. इकडे कायदा असा, की परवाना टिकवायचा तर वर्षातून ठरावीक वेळा क्लबात नेम मारायलाच हवा. म्हणजे चालवलं तर पिस्तूल झिजणार, नाही चालवलं तर परवाना जाणार, आणि परवाना गेला की खेरिटचं पिस्तूल पोलीस घेऊन जाणार.

यावर उपाय म्हणजे कन्व्हर्जन किट. पिस्तुलाचा वरचा भाग आणि नळी काढायची, किटमधली बसवायची, की तेच पिस्तूल बारक्या, गरीब गोळीवर चालतं. मूळ भाग आपले तिजोरीत सुखरूप. आता हे किट घेण्यात अर्थ आहे की नाही, एवढाच छोटा प्रश्न होता. रविकांतने त्यावर पाच महिने काढले.

खेरिट म्हणाला, “घे.” क्लबातला दुसरा म्हातारा म्हणाला, “मुळीच घेऊ नकोस. दर चौथी गोळी अडकते.” तिसरा म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. शेवटी त्याने सानिकाला विचारलं. ती पोळ्या करत होती.

“आपण कणीक मळायचं मशिन घेतलं, आठवतंय?” तिने विचारलं. “त्याबरोबर ज्यूसरची अटॅचमेंट आली होती. कुठाय ती?”

“असेल की कुठेतरी.”

“हां. मग घे किट.”

टोमणा डोक्यावरून गेल्यामुळे रविकांतला तो होकार वाटला आणि त्याने किट घेतलं. ते रीतसर परवान्यावर चढलं, कारण इथे नुसत्या त्या नळीलासुद्धा पिस्तुलाइतकाच कायदा लागू. तिच्यावर नंबर, तिची नोंद, आणि तिची जागा तिजोरीत. पाठोपाठ पोलिसांचं पत्र आलं: गुरुवारी सकाळी अकरा वाजता घरी येऊन साठवणुकीची तपासणी करू. रविकांतने पत्र अकरा वेळा वाचलं. मग कॅलेंडर बघितलं, तर गुरुवारी खंडेनवमी.

एरवी त्याला ते कळलंही नसतं. पण पुण्याहून आई आली होती, तीन महिन्यांसाठी. सामानाच्या वजनापायी तिचं चांदीचं उदबत्तीचं घर मागे राहिलं होतं. आल्यापासून ती उदबत्ती बटाट्यात खोचायची आणि रोज एकदा म्हणायची, “देवासमोर बटाटा! काय दिवस आले.”

बुधवारी जेवताना आईने विषय काढलाच. “उद्या शस्त्रांची पूजा. तुझं ते पिस्तूल काढून ठेव देव्हाऱ्यापुढे.”

रविकांतच्या हातातला घास हातातच राहिला. “आई, उद्या पोलीस येणार आहेत!”

“मग काय झालं? त्यांनाही प्रसाद देऊ.”

“तसं नाही गं. ते बाहेर काढायचं नसतं.”

“तुझे आजोबा साधी कात्रीसुद्धा पुजायचे खंडेनवमीला. आणि तुझ्या घरात खरंखुरं शस्त्र असून ते कुलपात? बरं बाबा. तुमचा देश, तुमचे कायदे.” आणि आईने ताक न घेताच ताट सारलं. आईने ताक सोडलं म्हणजे प्रकरण गंभीर.

रविकांत तळमळला. पोलिसांना घाबरावं की आईला, या प्रश्नावर त्याच्या डिपार्टमेंटकडेही उत्तर नव्हतं. सकाळी त्याने मधला मार्ग काढला. (मधला मार्ग काढणारी माणसं दोन्हीकडून मार खातात, पण हे त्याला अजून कळायचं होतं.) पिस्तूल तिजोरीतच राहील. नुसतं किट नऊ वाजता बाहेर येईल, पूजा होईल, सव्वानऊला परत आत. आणि पूर्ण वेळ तो स्वतः शेजारी उभा राहील.

देव्हाऱ्यापुढे पाटावर सगळी मांडणी झाली. सुऱ्या, कात्री, सानिकाचा लॅपटॉप, कणकेचं मशिन. दारातल्या दोन्ही सायकलींना हळदकुंकू लागलं, हँडलला गार्डन सेंटरमधून आणलेल्या झेंडूच्या माळा. मधोमध किटचा वरचा भाग, गोळ्या भरायचं मॅगझिन आणि ती वीतभर नळी.

आई जरा बिचकली. “यातून काही सुटणार नाही ना रे?”

“अगं आई, नुसती नळी आहे ती! पोकळ. शस्त्र कसलं, काहीही होत नाही तिला.”

हे वाक्य त्याने लक्षात ठेवायला हवं होतं. आईने ठेवलं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. एक बोट बंदराबाहेर अडकली होती. ‘दोनच मिनिटं,’ म्हणून रविकांत वरच्या खोलीत गेला आणि सव्वा तासाने खाली आला. पाट उचललेला. सुऱ्या ओट्यावर, लॅपटॉप सानिकापुढे. किटचा वरचा भाग आणि मॅगझिन टेबलावर, कुंकू लावून, नीट रुमालावर. नळी नाही.

“सानिका, नळी कुठाय?”

“कुठली नळी?”

“किटची! आई कुठाय?”

“शिरा वाटायला गेल्यात गल्लीत. फोन ठेवून गेल्यात.”

पावणेअकरा वाजले होते. परवान्यावरचा नंबर असलेली नळी घरात सापडत नाही, म्हणजे खेळ खलास. खेरिटचं पिस्तूल जाणार. त्या म्हाताऱ्याला काय तोंड दाखवायचं? सांभाळशील म्हणाला होता. रविकांत सोफ्याखाली घुसला. त्याने कचऱ्याची पिशवी उपसली, फ्रिज बघितला, बुटांत हात घातले. सानिका बिचारी लॅपटॉप बंद करून एकेक ड्रॉवर उलटा करत होती. अचानक ती ओरडली, “सापडली!”

रविकांत धावत गेला. तिच्या हातात ज्यूसरची अटॅचमेंट होती.

“सानिका, मी इथे तुरुंगात चाललोय!”

“मग जाताना ज्यूस पिऊन जा. ओरडतोस काय?”

बरोबर अकराला बेल वाजली. पोलिसांकडच्या मेफ्राउ, म्हणजे श्रीमती, होखलांड दारात उभ्या होत्या. उंच, करड्या केसांच्या, बगलेत फाइल. झेंडू लावलेल्या सायकलींकडे त्यांनी जरा थांबून पाहिलं. “लग्न आहे?”

“नाही, पूजा,” रविकांत म्हणाला, आणि घाम पुसायला त्याने खिशातून जो रुमाल काढला, तो घाईत उचललेला किटखालचा, कुंकवाने लालभडक होता. बाईंनी तेही पाहिलं.

तिजोरी बघून झाली. पिस्तूल जागेवर, नंबर बरोबर, गोळ्या वेगळ्या कुलपात. बाई प्रत्येक गोष्टीपुढे खूण करत होत्या आणि प्रत्येक खुणेगणिक रविकांतचा रक्तदाब चढत होता. मग त्यांनी पान उलटलं. “आता कन्व्हर्जन किट.”

खोटं बोलावं, असं त्याच्या मनात क्षणभर आलं. पण खोटं बोलायलाही थोडं धैर्य लागतं. त्याने वरचा भाग त्यांच्यापुढे ठेवला, मॅगझिन ठेवलं आणि त्याशेजारी स्वतःचा पासपोर्ट ठेवला.

“हे काय?”

“मी पळून जाणार नाही, म्हणून,” रविकांत म्हणाला. “नळी सापडत नाहीये. सकाळी तिजोरीतून मीच काढली. चूक माझी आहे. माझ्या बायकोचा यात काही संबंध नाही.”

“संबंध नाहीच आहे,” सानिका म्हणाली.

मेफ्राउ होखलांड यांनी पेन खाली ठेवलं. नेमकी तेव्हाच मागच्या दाराने आई आत आली, हातात रिकामा डबा. पाहुणी बघून तिचा चेहरा फुलला. “आल्या का पोलीसबाई? बसा, बसा. सानिका, शिरा वाढ गं.”

“आई!” रविकांत जवळजवळ रडकुंडीला आला होता. “ती नळी कुठाय? पूजेतली?”

“देवाजवळ आहे की. कुठे जातीय?”

सगळ्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. गणपतीच्या उजव्या हाताला तांदळांची वाटी, वाटीत ती नळी उभी रोवलेली, तिला हळदकुंकवाची बोटं आणि तिच्या तोंडात ऐटीत धूर सोडणारी उदबत्ती. रविकांत गेल्या पंधरा मिनिटांत देव्हाऱ्यासमोरून सात वेळा गेला होता. दोनदा तर त्याने तिच्यासमोरच हात जोडून ‘देवा, नळी सापडू दे’ म्हटलं होतं.

“काय माप आहे रे,” आई कौतुकाने म्हणाली. “उदबत्ती अगदी फिट्ट बसली. बटाटा सुटला एकदाचा.”

“आई, ते शस्त्र आहे!”

“आता शस्त्र झालं? सकाळी तूच म्हणालास, नुसती नळी आहे, काही होत नाही तिला.”

मेफ्राउ होखलांड यांनी हातमोजे घातले. उदबत्ती ओढली, तर ती अर्ध्यात मोडली आणि काडी आत राहिली. त्यांनी कुंकू पुसून नंबर वाचला, कागदाशी ताडला, मग नळी उजेडाकडे धरून आत डोळा लावला. आत तांदूळ, राख आणि काडी यांचा गच्च बोळा बसला होता. “तुमच्या आई काय सांगतायत?” त्यांनी सानिकाला विचारलं.

“त्या म्हणतात, आपण ज्या अवजारांनी काम करतो, त्यांना वर्षातून एकदा नमस्कार करायचा. त्या दिवशी ती वापरायची नाहीत.”

“वापरायची नाहीत,” बाई स्वतःशी म्हणाल्या. “पोलीस म्हणून मला हे पटतं.” मग त्या रविकांतकडे वळल्या आणि आवाज कडक झाला. “मिस्टर सबनीस, हे गंभीर आहे. लेखी ताकीद मिळेल. तुम्ही घरात होतात, दार बंद होतं, काही लपवलं नाहीत, म्हणून परवाना काढून घ्यावा अशी शिफारस मी करणार नाही. पुन्हा असं झालं तर करेन.”

रविकांतने खुर्चीची पाठ धरली. खेरिटचं पिस्तूल वाचलं होतं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, आणि ते उदबत्तीच्या धुराने आलं असं त्याने न विचारता सगळ्यांना सांगितलं.

बाईंनी शिरा मात्र घेतला, उभ्या उभ्याच. त्या स्वतः नेमबाज आहेत असं बोलता बोलता कळल्यावर रविकांतला राहवेना. पाच महिन्यांचा प्रश्न तोंडावर आलाच. “एक विचारू? तुमच्या मते हे किट घेण्यात अर्थ आहे का?”

बाईंनी नळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “माझ्याकडेही आहे. दर चौथी गोळी अडकते. सहा वर्षं तिजोरीत पडून आहे. त्याचा कुणाला काही उपयोग झालेला मी आज पहिल्यांदा बघतेय.”

दारातून निघताना त्या थांबल्या. “पुढच्या तपासणीची वेळ तुमच्या आई असताना ठरवा. वस्तू कुठे आहेत, हे या घरात कुणाला तरी माहीत असलेलं बरं.”

संध्याकाळी रविकांतने काडी कोरून कोरून काढली, नळी तेलाने पुसली आणि तिजोरीत ठेवून दार तीनदा ओढलं. सानिकाने संत्र्याचा ज्यूस काढून त्याच्यापुढे ठेवला. बटाट्यात उदबत्ती खोचत आईने त्याला हाक मारली.

“रवी, ती नळी परत आत टाकलीस ना? टाक हो, कायदा तो कायदा.” मग जरा वेळाने, अगदी मायेने ती म्हणाली, “पण एक विचारते, राग नको मानूस. एवढे पाच महिने विचार केलास, तर एकच का आणलीस? दोन आणायच्यास. दोन्ही बाजूंना शोभल्या असत्या.”