कठड्यालगतचा ड्रम

काकूंनी फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली तेव्हा शेजारच्या घरात सगळे जेवायला बसले होते, आणि कोणीही काही बोललं नाही. प्रकरण गंभीर होतं. कारण भिंगरीच्या घरात जेवताना मीठ जरी कमी पडलं तरी त्यावर परिसंवाद व्हायचा.

एकमेकांना चिकटलेल्या रो हाउसच्या रांगेतली शेवटची दोन घरं बाबांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे भिंगरीच्या काकांनी, जोडीने घेतली होती. पण दोघांनी विचार केला तो घरांचा नाही, बागेचा. मागच्या अंगणात मधे भिंत घालायची नाही. काकांकडे फुलं, बाबांकडे भाज्या. वर दोन गच्च्यांच्या मधे जेमतेम गुडघ्याला लागेल असा कठडा, आणि त्याच्यावरून सलग एकच मांडव. वेल कोणाच्याही गच्चीतून निघू दे, फळ कोणाकडे धरायचं ते वेलाने ठरवायचं! दोघे भाऊ खडूने फरशीवर वाफे आखायचे, भांडायचे, पुसायचे, पुन्हा आखायचे. काका म्हणायचे गुलाब. बाबा म्हणायचे, "गुलाब खाता येतो का? मग!"

गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, मांडव उभा राहिला, दोन्ही घरची माणसं राहायला आली, आणि काका गेले. सकाळी चहा पिता पिता त्यांनी कप टेबलावर नीट ठेवला, सांडूसुद्धा दिला नाही, आणि गेले.

बागेचं नाव मग कोणी काढलं नाही. फरशीवरच्या रेघा लोकांच्या पायांनी आपोआप पुसल्या.

आणि आता ही पाटी. जेवणं उरकल्यावर काकू स्वतःच सांगायला आल्या. "भाऊजी, एवढ्या घरात मी एकटी काय करू? बहीण बोलावतेय तिच्याकडे. म्हटलं, जावं."

बाबांनी घसा खाकरला. भिंगरीला वाटलं, आता म्हणतील. बाबा म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, वहिनी."

"हो ना," आई म्हणाली. "आम्ही कोण सांगणार!"

काकू थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग "बरं" म्हणून गेल्या. त्या गेल्या आणि आई धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

"अहो बाबा! राहा म्हणायचं ना!"

"असं कसं म्हणणार? त्यांचं दुःख केवढं, त्यात आपला हट्ट कुठे घुसवायचा?"

"आई, मग तू तरी!"

"मी म्हटलं तर वाटेल, हिला हाताशी फुकटचं माणूस हवंय."

"मग मी म्हणते!"

"खबरदार!" दोघे एकदम ओरडले. या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं. "लहान तोंडी मोठा घास घ्यायचा नाही."

तोंड लहान? भिंगरी नुकतीच शाळेच्या वादविवादात पहिली आली होती. परीक्षक शेवटी घंटा हातात घेऊन उभे राहिल्याशिवाय ती खाली बसली नव्हती! पण आईबाबांकडे घंटा नसली तरी डोळे होते. ती गप्प बसली. अगदी संध्याकाळपर्यंत गप्प बसली, आणि संध्याकाळी उसळी मारून उठली.

"काकूंना काही बोलायचं नाही ना? नाही बोलत. पण घर घ्यायला येणाऱ्या माणसांना घर आवडलंच नाही तर? कोणी घेतलंच नाही, तर काकू जाणार कुठे?"

"म्हणजे आपण काय करायचं?" आईने संशयाने विचारलं.

"वास!" भिंगरी म्हणाली. "आपण खत करायचं. गच्चीवर. काकूंच्या कठड्याला अगदी लागून."

बाबा खुर्चीतून उठलेच. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसाशी बाहेरून दोन धीराचे शब्द बोलायची वेळ आली, तर ते मदतनिसाला बोलायला लावायचे आणि आपण पाना हातात घ्यायचे. न बोलता, नुसत्या हातांनी वहिनींना थांबवता येणार होतं. यापेक्षा आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी मोठा निळा ड्रम आला. बाबांनी त्याला हवा खेळायला भोकं पाडली. घरातल्या साली, उष्टं, मंडईतला सडका पाला आणि भिंगरीच्या खास आग्रहावरून मासळीची डोकी, सगळं त्यात गेलं. आठवड्याभरात गच्चीवरचे कावळेसुद्धा पलीकडच्या रांगेत राहायला गेले.

पहिलं गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरलं. दुसरं नाकाला रुमाल लावून गच्चीपर्यंत पोचलं, आणि एजंटला म्हणालं, "तुम्ही म्हणाला होतात, हवेशीर आहे. ही हवा?" भिंगरी पाण्याच्या टाकीमागे स्वतःचंच तोंड दाबून हसत होती. काकूंनी हळूहळू सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. "बघितलंत? वास पार आतपर्यंत पोचतोय!" भिंगरीने खाली जाऊन जाहीर केलं, आणि बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

एकदा काकू गच्चीवर आल्या. कठड्याच्या पलीकडे उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, हा ड्रम जरा तुमच्या बाजूला सरकवता येईल का? कठड्याला लागून खालीच माझी निजायची खोली आहे."

बाबांचे कान लाल झाले. "नाही हो, वहिनी. तो... तो तिथेच हवा."

"तिथेच?"

"तिथेच."

"बरं," काकू म्हणाल्या.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. "किती वाईट वाटलं गं मला," ते म्हणाले. "पण म्हटलं, त्यांच्या भल्यासाठीच आहे."

आता गंमत अशी असते, की खत हे काही कायमचं वास मारत नाही. बाबांनी ते इतकं मन लावून हलवलं, ओलं केलं, झाकलं, की ते उत्तम पिकलं. काळंभोर, भुसभुशीत, आणि वास कसला, तर नुसत्या मातीचा. भिंगरी हादरली. "बाबा, आणखी मासळी घाला!"

"वेडी का काय? एवढं छान पिकलंय, ते नासवू?"

ते नासवण्याऐवजी त्यांनी ते अंगणात नेऊन पसरलं, आणि मधे भिंत नसल्यामुळे काकूंच्या बाजूलाही पसरलं. सालींबरोबर ड्रममध्ये गेलेल्या बियांना कोणी मनाई केलेली नव्हती. टोमॅटो आले. सूर्यफुलं आली. ड्रमच्या तळाशी राहिलेल्या खतात रुजलेला भोपळ्याचा वेल तर असा उधळला की मांडवावर चढून, कठडा ओलांडून, काकूंच्या गच्चीत जाऊन पसरला, पिवळ्या फुलांसकट. बाबा सकाळी कामावर जाण्याआधी नुसते बघत उभे राहायचे. "दादा असता तर म्हणाला असता, गुलाब कुठाय," ते एकदा म्हणाले, आणि लगबगीने बूट घालायला लागले.

तेवढ्यात घर बघायला एक जोडपं आलं. जाड चष्म्याचे गृहस्थ, आणि काठी टेकत हळूहळू चालणाऱ्या त्यांच्या बाई. भिंगरीने आईला डोळ्यांनी खुणावलं, दार लाव! पण उन्हात उभ्या माणसांना बघून आईला राहवलं नाही. तिने त्यांना आत बोलावलं, चहा दिला. बाईंनी विचारलं, "ही बाग कशी फुलवलीत हो?" आणि जन्मात सलग चार वाक्यं न बोललेले बाबा खतावर बोलत सुटले. भिंगरी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय देत होती. बाबांनी पाय बाजूला घेतला आणि पुढे बोलत राहिले.

संध्याकाळी एजंट हात चोळत आला. "घर तर आवडलंच, पण शेजार जास्त आवडला म्हणतात! पुढच्या आठवड्यात सह्या."

घरात पुन्हा कोणी बोललं नाही. फक्त आई बाबांना म्हणाली, "कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हे तुम्हाला कधी कळणार?" ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं.

काकूंचं सामान बांधायला भिंगरी गेली. चादरी, पुस्तकं, काकांचे चष्मे. काकू कपड्यांची घडी घालता घालता सहज म्हणाल्या, "आता तो ड्रम खुशाल इकडे ठेवा म्हणावं. माझी काही अडचण नाही."

"काकू! तो ड्रम तर तुमच्यासाठीच होता!"

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? मग तुम्ही चाललात कशाला?"

"म्हणून तर चाललेय."

भिंगरीच्या हातातली दोरी खाली पडली. "म्हणून म्हणजे?"

"म्हणजे काय, बाळा. पाटी लावली तेव्हा माझं कुठे नक्की होतं? वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, वहिनी, काढा ती पाटी. कोणी म्हणालं नाही. मग तो ड्रम आला. बरोबर माझ्या डोक्यावर. सरकवा म्हटलं, तर नाही म्हणाले. इतकंही न कळायला मी काय लहान आहे? तोंडावर जा म्हणता येत नाही, म्हणून माणसं..." त्यांना पुढचं बोलता येईना.

भिंगरीला बोलता येत होतं. तिने सगळं सांगितलं. वास, गिऱ्हाइकं, टाकीमागचं हसू, मासळीची डोकी, बाबांचं न जेवणं. काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता बांधलेल्या गाठोड्यावर बसल्या आणि रडायला लागल्या, आणि यातलं कधी काय चाललंय ते भिंगरीला कळेना. तिने धावत जाऊन आईबाबांना ओढून आणलं.

बाबा दारातच थांबले. त्यांचा चेहरा लिफ्टची दोरी तुटल्यासारखा झाला होता. "वहिनी," ते म्हणाले, "जाऊ नका. राहा."

"हे तेव्हा बोलायला काय झालं होतं, भाऊजी?"

"तेव्हा... जीभ उचलली नाही."

काकूंनी डोळे पुसले. "आता मी शब्द दिलाय हो. त्या बाई काल गच्चीवर कितीतरी वेळ बसल्या होत्या. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? त्यांनी आपण होऊन सोडलं, तर गोष्ट वेगळी."

"मी विचारते!" भिंगरी म्हणाली. या वेळी कोणी 'खबरदार' म्हणालं नाही. जोडपं पडद्यांची मापं घ्यायला आलेलं होतं, वरच होतं. भिंगरी एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या चढत गेली. डोक्यात मुद्दे तयार होते, पहिला, दुसरा, समारोपसुद्धा.

गच्चीवर बाई काठीने फरशीवर रेघ ओढत होत्या. "इथे खुर्ची," त्या सांगत होत्या. "सकाळचं ऊन इथे येईल. आणि पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यात गुलाब लावू, हं?"

गृहस्थांनी मान डोलावली आणि चष्मा काढून पुसायला लागले. भिंगरीला बघून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आजारी पडल्यापासून आज पहिल्यांदा म्हणाली गं ती, पुढच्या वर्षी." मग चष्मा लावून त्यांनी विचारलं, "तुला काही हवं होतं का, बाळ?"

भिंगरीने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "पट्टी हवी का विचारायला आले होते. मापांसाठी."

परत येताना तिने जिना एकेक पायरी करून उतरला. खाली तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"विचारलंस?" बाबा म्हणाले.

भिंगरी काही बोलली नाही. गाठोड्याशेजारी बसली, आणि पडलेली दोरी उचलून काकूंच्या हातात दिली.

काकूंनी तिच्याकडे निरखून बघितलं, आणि तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"शोभतेस हो," त्या म्हणाल्या, "अगदी आपल्याच घराण्यातली शोभतेस."