मी गोड बोलले तो दिवस

"बस बाळा, दमला असशील. चहा घेतोस?"

एवढंच मी म्हटलं, आणि विज्या दारातूनच मागे वळून ओरडला, "सुरेशदादा, खुर्ची आणा! आजींची वाट लागली!"

कमरेला लुंगी, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. आंघोळीहून येत होता. माझी सून सुनंदा त्याच्या अंगावर धावली. "वाट कसली लागली? उलट आज पहिल्यांदा धड बोलतायत. सकाळी माझी आमटी छान झाली म्हणाल्या!"

"आमटीला छान म्हणाल्या?" विज्याचा चेहरा उतरला. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय, वहिनी?"

विज्या आमच्या शेजारच्या खोलीत राहतो. ॲम्ब्युलन्सवर आहे. गाडी चालवत नाही, मागे पेशंटजवळ बसतो. वाकोल्याच्या आमच्या चाळीत तो राहायला आला तेव्हा त्याने मला नाव विचारलं नाही, वय विचारलं. मी म्हटलं, "का रे मेल्या, लग्न करायचंय माझ्याशी?"

"नाही आजी. पण वय कळल्याशिवाय माणूस अर्धाच कळतो."

त्याच्या कोर्सात म्हणे एक धडा होता. जन्मल्यापासून म्हातारं होईपर्यंत माणूस कसकसा बदलतो, आणि कुठल्या वयाच्या पेशंटशी कसं वागायचं, याचा. बाकीच्यांनी तो परीक्षेपुरता वाचला असेल. याने आख्ख्या चाळीवर लावला. पाळण्यातलं मूल दिसलं की आधी लांबून नुसतं बघत उभा राहायचा. शाळेतली पोरं दिसली की काहीही करण्याआधी परवानगी मागायचा, "तुझा हात बघू का साहेब?" पोरं साहेब म्हटल्यावर दोन्ही हात पुढे करायची.

खालच्या मजल्यावरची दोन वर्षांची पिंकी जिन्यावरून पडली, डोक्याला टेंगूळ आलं. विज्या तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसला आणि तिच्या पायाचा अंगठा चाचपायला लागला. तिची आई किंचाळली, "अरे, लागलंय डोक्याला!"

"माहितीये ताई. पहिला हात डोक्याला लावला तर ही बोंब मारणार, मग काही कळणार नाही. पायापासून निघालो की डोक्यापर्यंत दोस्ती होते." खरंच, डोक्यापर्यंत पोचेस्तोवर पिंकी त्याचं नाक ओढत होती.

समोरच्यांचा सोळा वर्षांचा मुलगा पोट धरून लोळत होता, तेव्हा विज्याने आधी त्याच्या बापाला खोलीबाहेर काढलं. बाप चिडला. "माझ्या घरातून मलाच काढतोस?" विज्या म्हणाला, "काका, या वयात मुलगा तुमच्यासमोर देवाशप्पथ खोटं बोलणार. जरा जिना उतरा." बाप उतरला. पोराने जिममधल्या मित्राची कसली तरी पावडर खाल्ली होती.

माझ्याशी बोलायची त्याची तऱ्हा वेगळी. समोर गुडघ्यांवर बसायचा, तोंड माझ्या तोंडासमोर आणायचा, एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. मी म्हणायचे, "मी बहिरी नाही, मेल्या. आणि एवढ्या जवळ येऊ नको, तुझ्या तोंडाला कांद्याचा वास येतो." तो खूश व्हायचा. "झकास! आजी नेहमीसारख्या आहेत."

हे 'नेहमीचं' म्हणजे त्याचं वेड. कुणाला ताप येवो, चक्कर येवो, हा घरच्यांना विचारणार, "याचं नेहमीचं काय? नेहमी असाच बसतो? असाच बोलतो?" लोक वैतागायचे. मी तर म्हणायचे, "तुझं लग्न ठरलं की बायकोलाही विचारशील, तुझं नेहमीचं काय." रोज सकाळी ड्यूटीवरून आला की माझ्या दारात डोकं घालायचा. मी रोज एक शिवी घालायचे. शिवी घेतली की झोपायला जायचा.

त्या दिवशी मी शिवी घातली नाही.

यातलं मला फार थोडं आठवतं, बाकी सुनंदाने सांगितलं. मी म्हणे सकाळपासून सगळ्यांशी गोड बोलत होते. भांडीवालीला ताई म्हटलं. पाण्यावरून मी जिच्याशी सदा भांडते, तिला म्हटलं, आधी तू भर गं. ती भरलेली बादली तिथंच टाकून पळाली आणि चाळभर सांगत सुटली. गॅलरीत बायका मला बघायला जमल्या. सुनंदा तर देवाला साखर ठेवणार होती.

"वय झालं रे," माझा मुलगा सुरेश विज्याला म्हणाला. "म्हातारपणी माणूस निवळतो."

"निवळतो दादा, पण वर्षांनी. काल रात्री शिव्या देणारी बाई आज सकाळी निवळत नाही. हे म्हातारपण नाही, हा आजार आहे." विज्याने माझ्या कपाळाला हात लावला. घामाने गार. "आजी, छातीत दुखतंय?"

"नाही रे बाळा."

"परत बाळा!" त्याने कपाळाला हात मारला. "दादा, या वयात हार्टचा झटका छातीत दुखेलच असं नाही. कधी नुसता माणूस बदलतो. उचला!"

आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा नीट शिरत नाही, ॲम्ब्युलन्स कुठली येते? त्याने फोन करून गाडी नाक्यावर मागवली, मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, सुनंदाच्या ओढणीने बांधलं आणि पुढे तो, मागे सुरेश, असे जिना उतरले. लुंगीवरच. नाक्यापर्यंत भाजीवाले हातगाड्या मागे घेत होते, आणि विज्या ओरडत होता, "बाजूला व्हा! आजी गोड बोलतेय!"

गाडीत त्याने मला गोळी चावायला लावली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, कसल्या कसल्या वायरी चिकटवल्या. हॉस्पिटलात पुढची माणसं तयार ठेवायला फोनवर सांगितलं. मला एवढंच आठवतं की वर पांढरं छत हलत होतं. मग सिग्नलला गाडीने दणका दिला आणि माझं डोकं ठिकाणावर आलं, तोंडातून थेट मालवणी निघाली.

"माका खय नेतंस रे मेल्या? आणि हळू धर! मी काय गॅसचा सिलिंडर आसंय?"

विज्या माझ्या हातावर थाप मारून मोठ्याने हसला. "आली! दादा, आजी परत आली!" हसता हसता त्याने टॉवेलने डोळे पुसले. ड्रायव्हर मागे वळून बघत होता. मी त्यालाही झापलं, रस्त्याकडे बघ म्हणून.

हृदयाची एक नळी बंद झाली होती. ती उघडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. "वेळेवर कुणाच्या लक्षात आलं?" सगळ्यांनी लुंगीतल्या विज्याकडे बोट दाखवलं.

दोन दिवसांनी तो माझ्या खाटेशी बसला होता. मी विचारलं, "सगळ्यांचं वय विचारतोस. तुझं काय रे?"

"नक्की माहीत नाही, आजी." तो मोसंबं सोलत होता. "अनाथाश्रमात वाढलो ना. शाळेत गुरुजींनी जन्मतारीख एक जून लिहिली. रांगायला कधी लागलो, बोललो कधी, कुणी बघितलंय?" त्याने बी काढून फोड माझ्या हातात दिली. "कधी कधी वाटतं, मलाच काही झालं तर आमची ॲम्ब्युलन्सवरची पोरं विचारतील, याचं नेहमीचं काय. सांगणार कोण?"

मी फोड खाल्ली. आंबट होती, तसं सांगितलं.

आता तो रोज सकाळी दारात डोकं घालतो, तेव्हा मी आधी त्याला नीट बघून घेते. हसताना डावा गाल आधी हलतो. चहात पाव बुडवतो आणि अर्धा कपात पाडतो. खरंच दमला असेल तरच 'झकास' दोनदा म्हणतो. डाव्या पायाची चप्पल नेहमी उलटी काढतो. मला सगळं पाठ आहे. कुणी विचारायला आलं तर मी सांगेन.

बघून झालं की शिवी घालते. तो झोपायला जातो.

त्या दिवशी खुर्चीला बांधून जिना उतरवलेली म्हातारी वाचली. ती मी.