शेऱ्याचा रकाना

नर्सबाईंनी तपासणीआधीचे प्रश्न भरायला हातात टॅबलेट दिला, तेव्हा शेरेसाहेबांनी एवढंच ठरवलं होतं, की एकदा 'होय' दाबून काय होतं ते बघायचं. (शेरेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. पस्तीस वर्षांच्या कारकुनीत त्यांनी एकाही फॉर्मवरचा 'शेरा' हा रकाना कोरा सोडला नाही, म्हणून ऑफिसने ठेवलेलं.)

खरं तर आज शहाण्यासारखं वागायची गरज होती. सत्तरीनंतर स्कूटर चालवावी की नाही यावर घरात महिनाभर धुसफूस चालली होती. शेवटी बायकोने निकाल दिला, डॉक्टर ठणठणीत म्हणाले तर किल्ली तुमची, नाहीतर स्कूटर भाच्याकडे. ती किल्ली आत्ता शेजारच्या खुर्चीवर, बायकोच्या पर्समध्ये होती.

चक्कर येते का? 'नाही' दाबलं की यंत्र मुकाट्याने पुढे सरकायचं. 'होय' दाबलं की मात्र चार नवे प्रश्न उघडायचे. कधी येते? उठताना की बसताना? इतक्या आस्थेने साहेबांची चौकशी घरी कोणी केली नव्हती. मग छातीत दुखतं? होय. झोप लागत नाही? होय. शेवटी सगळं पुसून टाकू, असा बेत होता.

"अहो, मघाचे आजोबा दोन मिनिटांत उठले," बायको म्हणाली.

"त्यांची माहिती त्रोटक असेल."

गेल्या तीन महिन्यांत पडलात का? इथे बोट जरा घुटमळलं. तरी त्यांनी 'होय' दाबलं आणि लिहायला ऐसपैस मोकळा चौकोन उघडला. साहेबांनी चष्मा पुसला आणि ते एका बोटाने दहा मिनिटं लिहीत बसले. मग पुसायचं बटण शोधता शोधता भलतंच दाबलं गेलं आणि पडद्यावर 'धन्यवाद' आलं.

पाचव्या मिनिटाला चाकांची खुर्ची घेऊन दोघे धावत आले. साहेबांना आडवं केलं, छातीला वायरी चिकटवल्या, बोट टोचलं. बायकोचा चेहरा पांढरा पडला.

"आजोबा, यात तुमच्या एकोणीस तक्रारी आहेत," टॅबलेट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासणीत एकही सापडत नाही."

"'होय' म्हटल्यावर काय विचारतं, ते बघत होतो."

"म्हणजे सगळं खोटं? तब्येत ठणठणीत?"

"सगळं खोटं," साहेब घाईने म्हणाले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकून पर्स उघडली. किल्ली अर्धी बाहेर आली.

"मग हे काय?" डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. "'दिनांक बारा, सकाळी सव्वादहा. फाटकाशी वळताना स्कूटरसह डावीकडे पडलो. वॉचमनने उचलले. गुडघा खरचटला. घरी मुद्दाम कळवलेले नाही.'"

किल्ली परत आत गेली. पर्सची चेन लागली.

"मला तर पायरीवर ठेचकाळलो म्हणून सांगितलंत," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच साहेबांना जास्त वाईट वाटलं. "वॉचमनला माहीत, आणि मला नाही."

एवढ्यात नर्सबाईंनी अभिप्रायासाठी टॅबलेट पुन्हा पुढे केला. खाली मोकळा चौकोन होता. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तो कोराच ठेवला.

बायकोने टॅबलेट त्यांच्या हातून घेतला आणि सावकाश लिहिलं, 'यंत्र फार चांगले आहे. घरी बोलत नाहीत ते यात लिहितात. असे एक घरी न्यायला मिळेल का?'