सावळेकाकांची मोटरबंदी

सावळेकाका लोकांच्या भिंतींना कान लावत. लखनौत आलमबागेतल्या आमच्या गल्लीत सकाळी नळाला पाणी आलं, की डॉक्टरनं छाती तपासावी तसे ते भिंती तपासत निघायचे. आत कुणी मोटर लावून पाणी खेचत असलं तर भिंत घुमते, असं त्यांचं म्हणणं. घुमली की कडी वाजवायचे. "भैया, बीमारी पकड़ में आ गई."

काका वर्ध्याचे, बँकेतून रिटायर झालेले. मी विट्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला, इथं सोनं गाळायच्या दुकानात कामाला. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. गल्लीतल्या सार्वजनिक नळावर भाडेकरूनं सर्वांच्या शेवटी भरायचं असा रिवाज होता, आणि शेवटी नळ नुसता फुरफुरायचा. "किरायेदार को प्यास भी बाद में लगती है क्या?" एवढं बोलून काकांनी तो मोडला. तेव्हापासून मला रोज बादलीभर पाणी मिळू लागलं. त्यांना कुणी काही केलं तर माझी बादलीही जाईल, ही धास्ती मात्र कायम असायची.

गल्लीच्या टोकाला शकीला आपा राहायच्या. बाकीच्यांच्या मोटरी बंद असल्या तरच त्यांच्या नळाला धार. म्हणून काकांचा कायदा होता. ज्या घरात मोटर सापडेल, त्या घराला दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळ बंद. लोक मागे त्यांना थानेदार म्हणत, पण ऐकत.

मे महिन्यात एका सकाळी आपांची धार तुटली. काका निघाले. एकेका भिंतीला कान लावत गेले, सगळ्या गप्प. शेवटी त्यांचंच घर उरलं. तिथं कान लावावा लागला नाही.

काका वरच्या मजल्यावर राहायचे. तिथं पाणी चढत नसे, म्हणून मुलानं, अजयनं, जिन्याखाली मोटर बसवली होती. सुनेला आठवा महिना होता. काका मराठीत ओरडले, अजय हिंदीत म्हणाला, "पापा, इस हालत में इसे लाइन में खड़ा कर दूँ?" काकांनी वायर उपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कल इस घर की बारी नहीं."

कुणीतरी हसलं. थानेदारानं स्वतःलाच आत टाकलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी आपांनी त्यांच्याकडे कळशी पाठवली, ती काकांनी परत केली. त्या सकाळी भिंती तपासायला कुणी फिरलं नाही, आणि पलीकडच्या दोन घरांत मोटरी सुरू झाल्या.

दुपारी काका माझ्या खोलीवर आले. ओठ सुकलेले. मी पाणी द्यायला उठलो तर हात आडवा केला.

"मला नको. पण तुझं पाणी तुझं. ते तू कुणालाही देऊ शकतोस, त्यात कायदा मोडत नाही. सूनबाईला नेऊन दे. माझं नाव घेऊ नकोस."

मी बादली उचलली, तेव्हा ते दाराकडे पाठ करून बसले.

सुनेनं बादली ओतून घेतली, त्यातलाच एक तांब्या भरून माझ्या हातात दिला. "पापा आपके यहाँ बैठे होंगे. सुबह से कुछ नहीं पिया. कहिएगा, पानी आपका है."

मी काकांना तसंच सांगितलं, पाणी माझंच आहे म्हणून. काकांनी तांब्या हातात घेतला. त्याच्या गळ्यापाशी काकूंचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. मी लखनौला येण्याआधीच काकू वारल्या होत्या. काका त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले.

"हो, तुझंच आहे," म्हणाले, आणि प्यायले.