प्लॅस्टिकची घार आणि बाबांची गोळी

कोणालाही कशालाही तयार करायचं असेल तर मला बोलवा! अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मी लोकांना फोनवर आयुर्विमा विकतो. समोरचा माणूस "मीटिंगमध्ये आहे" म्हणून सुरुवात करतो आणि फोन ठेवेपर्यंत त्याच्या मरणानंतरची सगळी सोय झालेली असते. त्यामुळे स्वतःच्या बापाला कोलेस्टेरॉलची एक गोळी घ्यायला लावणं म्हणजे काय, चहा पिता पिता होईल, असं मला वाटलं होतं.

चहा आता बंद आहे. म्हणजे साखर, साय आणि बिस्किटं बंद आहेत. उरतो त्याला मी चहा म्हणत नाही.

सुरुवात शिवदासकाकांपासून झाली. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मुलुंडला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहायचे. गेल्या वर्षी छातीत कळ आली म्हणून रिक्षात घातलं. एलबीएस रोडला सिग्नल लागला. सिग्नल सुटला तेव्हा काका सुटलेले होते. नंतर कमलकाकूने त्यांची गादी उचलली, तर उशीखाली कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. पाय दुखतात म्हणून काकांनी गोळी बंद केली होती आणि कोणाला एक शब्द बोलले नव्हते. तेव्हापासून काकू उशी घेत नाही.

मग बाबांचं रक्त तपासलं. रिपोर्ट बघून डॉक्टर चेतनाबाई म्हणाल्या, "सहदेवराव, हा आकडा आहे का पिनकोड?" हे घराण्यातूनच येतं, मुलांनीही तपासून घ्या, असंही म्हणाल्या. माझी बहीण अपूर्वा लगेच तपासून आली. तिचं सगळं ठीक. मी तपासलं नाही, कारण त्याला सकाळी उपाशी जावं लागतं आणि आमच्या स्टेशनाबाहेरचा वडापाववाला माझ्यासाठी पहिला घाणा बाजूला काढून ठेवतो. त्याचं मन कोण मोडणार!

बाबांची गोळी सुरू झाली आणि मांड्या दुखायला लागल्या. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मांडी घालून बसायचे, पण उठवायला दोन टाळकरी लागायचे. आरतीला सगळे उभे, बाबा बसलेले. लोकांना वाटायचं, समाधी लागली.

आणि एक दिवस बाबा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले! आई खूश झाली. मी काही न बोलता आत गेलो आणि त्यांची उशी उचलली.

होत्या. पट्ट्या होत्या!

"बाबा, हे काय?"

"गोळ्या."

"उशीखाली?"

"मग काय, देव्हाऱ्यात ठेवू?"

"घेत का नाही?"

"मांड्या दुखतात रे. भरून येतात पार."

"मग डॉक्टरना सांगा ना!"

"कसं सांगू? बाई एवढ्या मनापासून लिहून देतात. वाईट वाटेल त्यांना."

आईने रडून पाहिलं. ओरडून पाहिलं. मग ती जेवताना काकांच्या फोटोकडे बघून नुसते उसासे टाकायला लागली. बाबांनी खुर्ची फिरवून फोटोकडे पाठ केली.

तेव्हा माझ्यातला विमावाला जागा झाला. काकांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आमच्या कोकणात श्राद्धाला कावळ्यासाठी वाडी ठेवतात: केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. कावळा शिवला तर ठीक. नाही शिवला, तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली. मग मागे राहिलेल्यांनी एकेक करून कबूल करायचं, "तुमचं हे करू, ते करू," कावळा येईपर्यंत.

आमच्या गच्चीवर कावळा येणारच नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरीने कबुतरं पळवायला पाण्याच्या टाकीवर प्लॅस्टिकची घार बसवली होती. चांगली सिलेंडरएवढी! कबुतरं पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यावर बसायला लागली. घाबरले ते फक्त कावळे.

"अपू, तू टाकीमागे लपायचं," मी सांगितलं. "मी खोकलो की घारीवर टॉवेल टाकायचा. घार झाकली की कावळा येणार."

"आणि तू कधी खोकणार?"

"बाबांनी गोळी कबूल केली की."

"किती नीच आहेस रे तू, देवेश!"

"थँक यू."

"कुठला टॉवेल घेऊ?"

"हाताला येईल तो घे गं! टॉवेलात काय असतं?"

श्राद्धाच्या दिवशी बाबांनी वाडी ठेवली. आम्ही हात जोडून उभे राहिलो. समोरच्या बिल्डिंगवर कावळ्यांची रांग होती, पण घारीकडे बघून एकही पुढे सरकेना. ऊन चढलं. खिरीवर साय धरली.

"ह्येंची कायतरी इच्छा ऱ्हवली," काकू रडवेली झाली. "अहो, गावचो फणस मी कोणाक तोडूक दिवचंय नाय!"

कावळा ढिम्म.

आई पुढे झाली. "भावोजी, तुमचा मोठा कुकर माझ्याकडे राहिलाय. आजच्या आज परत देते!"

"तो कुकर तुझ्याकडे हा?" काकूचं रडणं थांबलं.

"बाबा," मी आवाज शक्य तितका जड केला, "काकांचा जीव तुमच्यात तर नसेल ना अडकला?"

पानावरची माशी बाबांनी हाताने हाकलली. मग एकदम त्यांची हनुवटी थरथरली.

"दादा," ते म्हणाले, "मी गोळी घेईन. रोज घेईन. नाही चुकवणार."

मी खोकलो. घारीवर टॉवेल पडला. क्षणात कावळा आला आणि आख्खा वडा घेऊन गेला! काकूने हंबरडा फोडला. आईने पदर डोळ्यांना लावला. मी महिन्याचं टार्गेट पूर्ण झाल्यासारखा आकाशाकडे बघत राहिलो.

अपूर्वाला म्हटलं, टॉवेल आत्ता खाली आणू नकोस, कोणी बघेल. टॉवेल तिथेच राहिला. वाऱ्याने कधीतरी टाकीमागे पडला. घार पुन्हा उघडी झाली. आम्ही विसरलो.

बाबा विसरले नाहीत. रोज जेवण झालं की काकांच्या फोटोसमोर उभं राहून गोळी गिळायचे. मांड्या दुखत होत्याच, पण आता तोंडातून चकार शब्द नाही. पखवाज मंडळातल्या दुसऱ्या कोणाकडे गेला. जिना चढताना बाबा प्रत्येक मजल्यावर टेकायला लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी दाराबाहेर खुर्च्या आणून ठेवल्या. आमचा जिना दवाखान्यासारखा दिसायला लागला. मी विचारायचो, "बाबा, दुखतंय का?" बाबा म्हणायचे, "छे!" आणि भिंतीला धरून आत जायचे. मला वाटायचं, वय झालं.

मग एका रविवारी बाबा संडासात गेले ते बाहेर येईनात. हाका मारल्या. "आलो," म्हणाले. आले नाहीत. शेवटी मी कडी तोडली. बाबा आत उकिडवे बसलेले होते. मांडीवर पेपर, चेहरा शांत.

"बाबा! कधीपासून?"

"छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या."

"उठता येत नाही तर हाक मारायची ना!"

"मारली असती तर डॉक्टरकडे नेलं असतंत."

"मग?"

"बाईंनी गोळी बंद केली असती!"

त्यांना दोन्ही बगलांत धरून उभं केलं. अपूर्वा माझ्याकडे बघत होती. मी नळाकडे बघत होतो.

डॉक्टर चेतनाबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सहदेवराव, तुमच्या स्नायूंना ही गोळी अजिबात सोसत नाहीये. आजपासून बंद. स्नायू सावरू देत, मग दुसरी देईन, अगदी कमी ताकदीची. कदाचित एक दिवसाआड. तीही नाही सोसली, तर वेगळ्या जातीचं औषध आहे. मार्ग भरपूर आहेत हो, पण दुखतंय हे मला कळलं तर ना!"

"बंद नाही करता येणार," बाबा म्हणाले.

"का?"

"कावळ्याला शब्द दिलाय."

बाईंनी चष्मा काढला. "कोणाला?"

"आमच्या भावोजींना," आईने खुलासा केला. "कावळ्यामार्फत."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग त्या कावळ्याला माझ्याकडे घेऊन या. पण गोळी बंद!"

बाबांनी घरी येऊन फोटोसमोर गोळी गिळली.

विमा कसा विकायचा हे आम्हाला महिनाभर शिकवतात. विकलेला परत कसा घ्यायचा, हे कोणी शिकवत नाही. गोळी घेतली नाही तर बाबा काकांसारखे जाणार होते. घेतली तर हळूहळू, खुर्ची-खुर्चीने जाणार होते. दोन्हीकडून बंदोबस्त मीच केला होता.

"पुन्हा वाडी ठेवू," मी सुचवलं. "काकांना विचारू, गोळी बदलली तर चालेल का. कावळा शिवला म्हणजे चालेल."

बाबांचे डोळे कित्येक दिवसांनी चमकले. "विचारू या! दादा ऐकेल."

या वेळी मी धोका पत्करणार नव्हतो. वाडी ठेवायच्या आधीच अपूर्वाने टाकीमागचा टॉवेल झटकून घारीवर टाकला आणि ती तिथेच लपली. बाबांना आम्ही खुर्चीसकट गच्चीवर नेलं. त्यांनी हात जोडले. "दादा, डॉक्टरीण बाई गोळी बदलू म्हणतात. बदलू?"

कावळे येईनात.

खरा प्रकार मला नंतर कळला. मधल्या काळात कावळे घारीला पुरते सरावले होते. तिच्या पंखावर बसून चोच घासायचे. आता त्यांना भीती वाटत होती ती फडफडणाऱ्या टॉवेलाची!

"नाही म्हणतोय," बाबा हळूच म्हणाले. त्यांचे हात मांडीवर पडले. "राहू दे रे. घेईन हीच."

मला दुसरं काही सुचेना. मी खोकलो. टाकीमागून एक हात आला आणि घारीवर दुसरा टॉवेल टाकून गेला. मी जीव तोडून खोकलो, क्षयरोग झाल्यासारखा! अपूर्वा टाकीमागून सरळ उभी राहिली.

"अरे, आता तिसरा कुठून आणू?"

काकूने टॉवेल गुंडाळलेल्या घारीकडे बघितलं, मग अपूर्वाकडे, मग माझ्याकडे.

"खालचा चौकड्यांचा टॉवेल माझा आहे," बाबा म्हणाले. "श्राद्धाच्या दिवशी अंघोळ करून बाहेर आलो, तर दोरीवर नव्हता. मग तो इथे घारीवर पडलेला दिसला."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"तुझं खोकणंसुद्धा. एवढं खोटं कोणी खोकत नाही."

"मग गोळी का घेत राहिलात, बाबा?"

"कावळा तू आणलास रे," बाबा म्हणाले. "पण बोललो ते मी दादाशीच बोललो ना? तो उशीखाली गोळ्या ठेवून गेला. मला सांगितलं असतं तर उचलून नेला असता त्याला डॉक्टरकडे."

काकू त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. "आणि तू? तू खंय सांगतस? हे गप ऱ्हवले, म्हणान गेले. तूय गप. ह्येंका तुझ्या गोळयेचा काय पडला हा, सहदेवा? दुखता तर दुखता म्हणान सांग!"

बाबांनी दोन्ही मांड्यांवरून हात फिरवला.

"दुखतंय, वहिनी," ते म्हणाले. "फार दुखतंय."

काकूने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. कोणी आकाशाकडे बघत नव्हतं. तेवढ्यात पंखांचा आवाज झाला, आम्ही दचकून वळलो, तर कबुतर! कबुतराने आरामात वडा उकरायला सुरुवात केली. आईने घाबरून काकूकडे बघितलं.

काकूने क्षणभर विचार केला. "चलता," ती म्हणाली.

गोळी बंद झाली. स्नायू सावरल्यावर कमी ताकदीची दुसरी सुरू झाली, एक दिवसाआड. बाबांचा पखवाज परत आला. पहिल्यांदा उठले तेव्हा एकच टाळकरी लागला. डॉक्टर चेतनाबाई म्हणाल्या, "छान! आणि चिरंजीवांची तपासणी?" अपूर्वाने मला दंडाला धरून उपाशीपोटी नेलं.

माझा आकडा बाबांपेक्षा मोठा आहे.

बाई म्हणाल्या, या वयात असा आकडा त्यांनी क्वचितच पाहिलाय. मी तो ऑफिसात विम्याचा हप्ता काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून बघितलं. ते बंद पडलं. आईने घरातल्या सगळ्या उशा उचलून माळ्यावर टाकल्या. आम्ही सगळे आता सपाट झोपतो. जेवणानंतर बाबा माझ्यासमोर उभे राहतात, मी गोळी गिळतो, तोंड उघडून दाखवतो.

गोळी सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, "बाबा, माझ्या मांड्या दुखतायत." घरात धावपळ! बाबांनी ताबडतोब चेतनाबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कालच सुरू केलीत ना?" बाई म्हणाल्या. "आज काही वेगळं काम केलंत?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "टाकीवर चढून घारीवरचे टॉवेल काढले."



"गोळी चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "टाकीवर चढणं बंद करा."