शेवटच्या किलोमीटरची घागर

“पाण्यासाठी पळायचंच हाय तर टँकरच्या मागं पळा की,” महेश्वरी नवऱ्याला म्हणाली. “दोन घागरी तरी येतील घरात.”

गुरुशांत बुटाच्या नाड्या बांधत राहिला. टोमणा खोटा नव्हता. पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी काल यायचं होतं, ते आलं नव्हतं. का आलं नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी ‘चला, स्वच्छ पाण्यासाठी धावू या’ असं लिहिलेली कमान उभी करायची होती. मांडववाल्यानं खड्ड्यासाठी पहार मारली, ती थेट पाइपात. कमानीखाली तळं साचलं आणि घरोघरचे नळ कोरडे राहिले. जोडणी झालीय, उद्या सोडतो, असं व्हॉल्व्ह फिरवणारा रामहरी सांगून गेला होता. किती वाजता, हे रामहरीला विचारायचं नसतं.

आणि ही दौड आपल्याच गल्लीतून न्या, असा हट्ट कुणी धरला होता? गुरुशांतनं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात भांड्यांच्या दुकानाबाहेर त्याचं नाव कुठं झालं नव्हतं. आपण पळतोय आणि गल्ली दारात उभी राहून टाळ्या वाजवतेय, एवढंच सुख त्याला बघायचं होतं. आता गल्ली दारात उभी राहणार हे नक्की होतं. टाळ्यांची मात्र खात्री देता येत नव्हती.

“मी काय माझ्यासाठी पळतोय व्हय?” तो उंबऱ्यावर थांबून म्हणाला. “काव्याच्या शाळेसाठी पळतोय.”

यावर महेश्वरीनं टँकरचा विषय सोडला. काव्या म्हणजे गुरुशांतची धाकटी बहीण. अक्कलकोटकडच्या त्यांच्या मूळ गावी ती शाळेत शिकवायची. शाळेतल्या बोअरचं पाणी असं होतं, की आठवड्यातून दोन-चार पोरं तरी पोट धरून घरी जायची. ‘निर्मळ घोट’ मंडळाच्या या दौडीत प्रत्येकाच्या छातीवर एका शाळेचं नाव होतं. तो माणूस नऊच्या आत पोचला, की देणगीदारांच्या पैशातून त्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळणार. नाही पोचला तर शाळा पुढच्या वर्षी बघू. काव्याच्या पोरांनी व्हरांड्यातला एक कोपरा झाडून, खडूनं चौकट आखून तयारच ठेवला होता. तिनं तसा फोटो पाठवला होता. तो फोटो बघितल्यापासून गुरुशांतला जेवण जात नव्हतं.

पहिले नऊ किलोमीटर त्यानं कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. पळणारी माणसं त्याच्या पुढं निघून गेली, चालणारी माणसंही गेली. पण आठ वीसला तो नवव्या किलोमीटरच्या टेबलाशी पोचला आणि तिथं त्याच्या हातात भरलेली घागर देण्यात आली.

ही घागर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष अमरेश यांच्या सुपीक डोक्यातून निघालेली कल्पना. शेवटचा एक किलोमीटर प्रत्येकानं दहा लिटरची भरलेली घागर खांद्यावर घेऊन यायचं. “खेड्यातल्या बायांचं दुःख शहरातल्या माणसाला कळलं पाहिजे!” असं ते सभेत म्हणाले होते आणि सभेनं टाळ्या दिल्या होत्या. ज्या गावात पाणी यायच्या दिवशी माणसं लग्नाची तारीख धरत नाहीत, त्या सोलापूरच्या माणसाला घागर म्हणजे काय ते हे शिकवणार! घागरीच्या गळ्याला आतून लाल रेघ मारली होती. पाणी रेघेच्या खाली गेलं, की दौड बाद.

गुरुशांतनं घागर खांद्यावर घेतली आणि तो कमानीतून गल्लीत शिरला.

त्याच्या आधी सदतीस भरलेल्या घागरी त्या गल्लीतून गेल्या होत्या. सहा दिवस नळाचा थेंब न पाहिलेल्या बायका ओट्यावर उभ्या राहून एकेक घागर जाताना बघत होत्या. पहिल्या दहा घागरींना त्या हसल्या. विसाव्या घागरीला त्यांनी पदर खोचले. पण पळणारी पोरं अनोळखी, त्यांना अडवणार कसं? इतक्यात गल्लीतलाच हक्काचा माणूस आला, आणि तोही चालत.

“गुरुशांता, आरं किती दमलास रं लेकरा,” दगडाबाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. ही शेजारची म्हातारी. गुरुशांतला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं आणि हे ती त्याला दर महिन्याला ऐकवायची. “ठिव की जरा खाली.”

“मावशी, ठेवता येत नाही. नऊच्या आत पोचायचंय.”

“न्हाईतर खांदा निखळंल. ठिव म्हंते न्हवं.”

लहानपणापासून ज्या आवाजाला भ्यायचं, त्या आवाजापुढं बावन्नाव्या वर्षीही गुडघे वाकतात. गुरुशांतनं घागर ओट्यावर ठेवली. त्यानं कपाळाचा घाम पुसला तेवढ्यात दगडाबाईनं घागर उचलून आपल्या पातेल्यात उपडी केलीसुद्धा.

“मावशी!” गुरुशांत किंचाळला. “ते शर्यतीचं पाणी हाय!”

“शर्यतीचं आसंना का. काल सकाळधरनं तोंड धुतलं न्हाय मी.”

“अर्धं मला द्या,” महेश्वरी कळशी घेऊन धावत आली. “भात टाकायचाय.”

“तू पण?” गुरुशांतचा आवाज चिरकला. “अगं, काव्याची शाळा!”

महेश्वरीचा हात थबकला. पण पातेलं तोवर पाच घरांत वाटलं गेलं होतं. घेतलेलं पाणी परत करायची पद्धत गल्लीत नव्हती.

गुरुशांतचं डोकं तापलं. रिकामी घागर घेऊन तो मागं पळाला. दहा किलोमीटरमधला त्याचा सगळ्यात वेगवान तुकडा तोच. नवव्या किलोमीटरचं टेबल तिथं नव्हतं. शेवटची घागर दिल्यावर मंडळाच्या पोरांनी उरलेलं पाणी रस्त्यावर धूळ बसावी म्हणून शिंपडलं होतं आणि टेबल टेम्पोत घालून ती निघून गेली होती. स्वच्छ पाणी! धुळीसाठी! गुरुशांतनं त्या ओल्या रस्त्याकडं बघून जे काही म्हटलं ते त्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी कधी ऐकलं नसेल. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यानं बाटल्या मागितल्या. “बाटल्या कालच गेल्या की,” दुकानदार म्हणाला. “तुमच्याच घरनं सहा नेल्या.”

आठ पस्तीस झाले होते. तो गल्लीत परतला तेव्हा सगळे नळ एकदम खाकरायला लागले.

“आलं! आलं गं, आलं!”

क्षणात ओटे रिकामे झाले. गुरुशांतही स्वतःच्या घरात घुसला आणि त्यानं घागर नळाखाली धरायला हात पुढं केला. महेश्वरीनं ती कोपरानं बाजूला सारली.

“आधी बादली. पहिलं पाणी कुणी पितं का?”

हे बरोबरच होतं. पाच दिवसांनी आलेलं पहिलं पाणी बादलीत धरायचं आणि ते अंगणाला, नाहीतर संडासाला वापरायचं. स्वच्छ आलं की मग पिण्याचं भरायचं. सोलापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आज तर पाइप जोडलेला, त्यामुळं नळातून चहाच पडत होता.

“स्वच्छ यायला किती वेळ लागंल?”

“ते मला काय माहीत? वीस मिनिटं लागतील, न्हाईतर तास.”

“मग हेच दे! घागर भरलेली पाहिजे एवढंच लिहिलंय.”

महेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. घामानं चेहरा काळवंडलेला, छातीवर शाळेच्या नावाचा कागद भिजून लोंबतोय. तिनं बादली काढली आणि घागर नळाखाली ठेवली. “घ्या. ह्या पाण्याला कोण विचारतंय.”

लाल रेघ बुडाली तशी ती दिसेनाशीच झाली. घागर खांद्यावर घेऊन गुरुशांत निघाला. इकडं दहा मिनिटांत कमानीखालची जोडणी पुन्हा सुटली आणि नळ ठप्प झाले. गल्लीत प्रत्येकीच्या हाती लागलं ते फक्त पहिलं, गढूळ पाणी. दगडाबाईनं आपली बादली उचलली. “चला गं. त्या आध्यक्षाला दावू त्याचं पाणी. आन् रिकाम्या घागरी बी घ्या.”

मैदानात गुरुशांत पोचला तेव्हा आठ बावन्न झाले होते. सदतीस घागरी टेबलावर ओळीनं चमकत होत्या. यादी घेतलेल्या कार्यकर्त्यानं त्याच्या घागरीत वाकून बघितलं आणि नाक मुरडलं.

“काका, हे चालणार नाही. पाणी अस्वच्छ आहे.”

“भरलेलं हाय ना? नियमात भरलेली घागर म्हटलंय. स्वच्छ कुठं म्हटलंय?”

गडबड ऐकून अध्यक्ष अमरेश स्टेजवरून खाली आले. त्यांनीही वाकून बघितलं. “गुरुशांतजी, जरा विचार करा. आपली दौड स्वच्छ पाण्यासाठी आहे. समोर फोटोग्राफर आहेत. त्यांच्यापुढं असलं पाणी ठेवायचं? तुमची शाळा आपण पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी! खडूची चौकट गुरुशांतच्या डोळ्यांपुढं आली. दहा किलोमीटर, दोन वेळा भरलेली घागर, सुजलेले पाय आणि सहा दिवसांचा कोरडा नळ, सगळं एकदम त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

“अध्यक्ष,” तो ओरडला, “आमच्याकडं स्वच्छ पाणी असतं तर मी पळालो कशाला असतो?”

नाही म्हटलं तरी प्रश्न अवघड होता. अमरेश यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला तो स्टेजच्या एका बाजूनं. तिथं यंत्र बनवणाऱ्या कंपनीतर्फे आलेली सुकन्या नावाची मुलगी सकाळपासून नमुन्याचं यंत्र चालू करून बसली होती. “ओ काका, ती घागर इकडं आणा!” ती उभीच राहिली. “तीन तास झाले मी बाटलीतलं पाणी यंत्रात घालून बाटलीतलंच पाणी काढतेय. कुणाला फरक दिसेना. असलं पाणीच पाहिजे होतं मला!”

घागर यंत्रात रिकामी झाली. वरून चहा आत गेला आणि खालच्या तोटीतून लख्ख पाणी पडायला लागलं. फोटोग्राफर धावले. सकाळपासून कंटाळलेले देणगीदार खुर्च्या सोडून पुढं आले. त्यातला एकजण म्हणाला, “आता कळलं आपण पैसे कशाला दिले ते.”

त्याच वेळी दगडाबाईच्या मागून महेश्वरीसकट गल्लीतल्या चौदा बायका मैदानात शिरल्या. त्या भांडायलाच आल्या होत्या. पण समोर वाहती तोटी दिसली आणि सोलापूरच्या बाईचे हात आपोआप कामाला लागले. कुणी न सांगता यंत्रापुढं बादल्यांची ओळ लागली, आणि प्रत्येक बादलीमागं एक रिकामी घागर.

“अहो, हे काय? कार्यक्रम संपत आलाय,” अमरेश म्हणाले.

“संपतुया कसा? नंबर लागल्याती,” दगडाबाई स्टेजच्या पायरीवर बसली. “पाइप तुमी फोडला न्हवं? आन् ह्या पोराच्या शाळंचं काय ठरलं?”

“त्यावर मंडळ विचार करील.”

“करू द्या की. तवर आमी भरतो.”

अमरेश यांनी बादल्या मोजल्या, फोटोग्राफरांकडं बघितलं आणि देणगीदारांकडंही बघितलं. मग माइक हातात घेऊन, ही कल्पना मुळात आपलीच असल्यासारख्या आवाजात, त्यांनी काव्याच्या शाळेचं नाव जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात गल्लीतल्या बायकांनी वाजवल्या, पण ओळ कुणी सोडली नाही.

गुरुशांतनं काव्याला फोन लावला. तिनं उचलताच त्यानं फोन यंत्रासमोर धरला आणि तिला तोटीचा आवाज ऐकवला. पलीकडून काव्या “अण्णा, अण्णा” म्हणत राहिली.

मग तो गवतावर आडवा झाला. कुणीतरी त्याच्या गळ्यात पदक घातलं. आता संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यानं ठरवलं. डोळे मिटणार एवढ्यात डोक्याशी पायांची चाहूल लागली. महेश्वरी उभी होती. तिच्या शेजारी काठोकाठ भरलेली, लाल रेघ स्वच्छ दिसणारी घागर होती.

“उठा,” ती म्हणाली. “भात व्हायचाय अजून. पहिला नंबर आपलाच लागला.”

गुरुशांतनं एक हात जमिनीला टेकला. मग उठला, पदक पाठीवर सरकवलं आणि घागर खांद्यावर घेतली. मैदानाच्या फाटकाशी फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला, तसं सवयीनं त्यानं पाऊल उचललं.

“अवं!” मागून महेश्वरी ओरडली. “आता पळू नका. सांडंल!”